५६०० आणि ५६००जी: एका अक्षराचा घोळ

बारावीची परीक्षा संपल्यावर भाच्याने पहिला गेमिंग पीसी जुळवला. चिपळूणहून मुंबईला आला, दिवसभर लॅमिंग्टन रोड पालथा घातला, सगळे पार्ट घेऊन रात्रीच्या गाडीने परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "मामा, सगळं बरोबर जोडलंय. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, पण मॉनिटर नुसता नो सिग्नल म्हणतो."

मी विचारलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेतलंस? म्हणाला, कार्डाचे पैसे आजी दोन महिन्यांनी देणार आहे, तोवर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट खेळीन. प्रोसेसर कुठला? "रायझन ५ ५६००." माझ्याकडून करून नेलेल्या यादीत ५६००जी लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "जी कशाला, साधा घे, गेमिंगला तोच भारी." दुकानदार खोटं बोलला नव्हता. कार्ड आत्ता घेतोयस की नंतर, एवढंच त्याने विचारलं नाही.

साध्या ५६००मध्ये मॉनिटरवर चित्र काढणारं आतलं ग्राफिक्सच नसतं, जीमध्ये असतं. एएमडी कंपनीच्या या दोन प्रोसेसरांत लोक का फसतात, ते खोक्यावरचा मजकूर वाचला की कळतं. दोन्ही एएम४ सॉकेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या एकाच जागी बसणारे. दोन्हींत ६ कोअर (काम करणारे मेंदू), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), झेन ३ बनावटीचे. दोन्ही ६५ वॅटचे, दोघांच्या खोक्यात तोच रेथ स्टेल्थ कूलर. कमाल वेग दोघांचाही ४.४ गिगाहर्ट्झ. मूळ वेग तर जीचाच जास्त, ३.९, साध्याचा ३.५. त्यावर जीमध्ये ग्राफिक्सही. म्हणजे तीच थाळी, वर एक वाटी जास्त, असं कोणालाही वाटेल.

इंटेलच्या बाबतीत ते खरंही आहे. आय५ १२४०० आणि १२४००एफ यांत फरक एवढाच, की एफमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं. बाकी चिप तीच. हाच हिशेब लोक एएमडीला लावतात आणि तिथे तो चुकतो. ५६०० आणि ५६००जी या मुळात दोन वेगळ्या चिपा आहेत. साध्या ५६००मध्ये सिलिकॉनचे दोन तुकडे असतात: एकावर कोअर, दुसऱ्यावर मेमरी आणि बाहेरच्या जोडण्यांचा कारभार. जी ही लॅपटॉपसाठी बनलेली चिप, डेस्कटॉपच्या सॉकेटात बसवलेली. तिच्यात कोअर, ग्राफिक्स, सगळं एकाच तुकड्यावर कोंबलेलं. जागा तेवढीच, म्हणून दोन ठिकाणी काटछाट झाली.

पहिली काटछाट कॅशची. ५६००मध्ये एल३ कॅश ३२ एमबी, जीमध्ये १६. कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा आणि रॅम म्हणजे मागची कोठीची खोली. मोहरी-हळद हाताशी असेल तर फोडणी जळत नाही. दर वेळी कोठीत जावं लागलं तर तेल तापून धूर निघतो. गेममध्ये प्रोसेसर तोच तोच डेटा पुन्हा पुन्हा मागतो, म्हणून डबा लहान झाल्याचा फटका गेमलाच जास्त बसतो. एक्सेल उघडण्यात काही जाणवणार नाही. चांगलं कार्ड लावून, सेटिंग खाली ठेवून सेकंदाला जास्तीत जास्त फ्रेम (चित्रं) काढणाऱ्याला मात्र जाणवेल.

दुसरी काटछाट कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या रस्त्याची, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची. ५६०० पीसीआय एक्सप्रेस ४.० देतो, जी ३.० वर थांबतो, मग मदरबोर्ड बी५५०सारखा ४.० देणारा असला तरी. पूर्ण १६ लेन (डेटाच्या वाटा) वापरणाऱ्या कार्डाला याचं फारसं दुःख नाही. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखं स्वस्त कार्ड चारच लेन वापरतं. ४.० वर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, ३.० वर ४. या कार्डाची स्वतःची मेमरीही ४ जीबीच, ती भरली की त्याच अरुंद बोळातून रॅमकडे धावाधाव, आणि गेम अडखळायला लागतो. म्हणजे ज्याचं बजेट सगळ्यात ताणलेलं, तो जी घेतो, वर्षभराने हे कार्ड टाकतो आणि मार खातो. ८ लेन आणि ८ जीबीच्या आरएक्स ६६००ला एवढा त्रास होत नाही. (बोर्ड ए५२० किंवा बी४५० असेल तर साध्या ५६००चीही ४.०ची बढाई वाया जाते, हेही जाता जाता सांगतो.)

मग जी घ्यायचा कोणी? ज्याच्याकडे कार्ड नाही आणि लवकर येणारही नाही, त्याने. आतलं वेगा ७ ग्राफिक्स कामाचं आहे. व्हॅलोरंट, सीएस (काउंटर-स्ट्राइक), जुना जीटीए ५ यांवर सेटिंग खाली आणून छान वेळ जातो. सायबरपंकसारख्या जड गेमची हौस मात्र ७२० रिझोल्यूशनवर, बरीचशी मन मारूनच भागवावी लागेल. २०२१च्या ऑगस्टमध्ये हा प्रोसेसर सुटा विकायला आला, तेव्हा क्रिप्टो मायनिंगमुळे (कार्डांवर आभासी चलन काढण्याच्या धंद्यामुळे) कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. कार्डाशिवाय खेळता येतं, याला तेव्हा सोन्याचं मोल होतं. साधा ५६०० आला एप्रिल २०२२मध्ये, सप्टेंबरमध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद पडलं, कार्डं माणसांच्या हाताला लागू लागली, आणि जीचा तो थाट ओसरला. आपल्याकडे सल्ले मात्र २०२१चेच फिरत राहिले.

जी घेणाऱ्याकडून एक चूक हमखास होते: १६ जीबीची एकच रॅम काठी. "पुढे दुसरी टाकू" म्हणून. वेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. डीडीआर४ ३२००ची एक काठी सेकंदाला २५.६ जीबी पुरवते, दोन लावल्या तर ५१.२. आरएक्स ६६००ला स्वतःच्या मेमरीतून २२४ मिळतात, यावरून भुकेचा अंदाज घ्या. तेव्हा ८-८च्या दोन काठ्या, नाहीतर जीचे पैसे पाण्यात. साध्या ५६००लाही दोन काठ्या बऱ्याच, पण तिथे एकीवर निदान जेवण होतं. इथे उपास घडतो.

माझं मत विचाराल तर, कार्ड पीसीबरोबरच येणार असेल तर डोळे मिटून ५६००. महिना-दोन महिन्यांत येणार असेल तरी ५६००च, तेवढे दिवस फोनवर खेळा. कार्डाची तारीख सांगता येत नसेल, घरात त्याच पीसीवर बहिणीचं कॉलेजचं कामही चालणार असेल, तर जी. "पुढच्या वर्षी नक्की" ही तारीख नव्हे.

या खानदानातले आणखी दोघे सांभाळा. ५५०० म्हणजे जीचीच चिप, ग्राफिक्स बंद करून विकलेली: कॅश १६, रस्ता ३.० आणि आतलं ग्राफिक्सही नाही. आणि ५७०० नावावरून ५७००एक्सचा धाकटा भाऊ वाटतो, पण तोही जीच्याच घराण्यातला, १६ एमबीवाला.

घेताना खोक्याच्या खिडकीतून चिपच्या धातूच्या झाकणावरचं नाव वाचा, आणि स्टिकरवरचा लांबलचक नंबरही. त्यातल्या आकड्यांचा शेवट ९२७ने होत असेल तर साधा ५६००, २५२ने होत असेल तर ५६००जी. खोक्याविना, नुसत्या ट्रेमधला तुकडा स्वस्त मिळतो; त्याची वॉरंटी कोण आणि किती देणार, ते बिलावर लिहून घ्या. पिना याच्या पोटाला असतात, त्याही तिथेच उजेडात तिरक्या धरून बघा.

भाच्याने दोन महिने कळ काढली. आजीने शब्द पाळला, आरएक्स ६६०० आलं, आणि त्याच रात्री पुन्हा फोन: "मामा, अजून नो सिग्नलच." मी म्हटलं, मागच्या बाजूचा फोटो पाठव. मॉनिटरची केबल वरच्या उभ्या एचडीएमआयमध्ये, म्हणजे मदरबोर्डमध्ये, जूनपासून होती तिथेच खोचलेली. खाली आडव्या पट्टीत कार्डाचे चारही पोर्ट मोकळे, रबरी टोप्यांसकट. जी घेतला असता तर कदाचित चित्र दिसलं असतं आणि कार्ड असूनही पोरगं आतल्या वेगा ग्राफिक्सवरच खेळत बसलं असतं. मी फोटोवर लाल गोल काढून परत पाठवला.