‘ताकेशीज कॅसल’ : जावेद जाफरी भाषांतर करत नव्हता

पोगो या मुलांच्या वाहिनीवर ‘ताकेशीज कॅसल’ हा, स्पर्धकांनी अडथळे पार करत किल्ला जिंकायचा जपानी कार्यक्रम बघत वाढलेल्या कित्येकांना आजही वाटतं, की त्याचं हिंदी निवेदन करणारा अभिनेता जावेद जाफरी जपानी निवेदकांचं बोलणं हिंदीत सांगायचा. तसं नव्हतं. स्पर्धकांची ती नावं, त्यांचे कामधंदे, चिखलात पडल्यावरचे टोमणे, सगळं इथेच रचलेलं. म्हणूनच ते आपल्याला इतकं घरचं वाटलं, आणि त्याचं श्रेय जाफरीलाच द्यायला हवं!

कार्यक्रम तेव्हा ताजा होता, हाही गैरसमजच. मूळ मालिका जपानच्या टीबीएस वाहिनीवर १९८६ ते १९९० चालली. पोगो सुरू झालं २००४ साली. आणि किल्ल्याचा मालक झालेले ताकेशी कितानो निव्वळ विदूषक नव्हते. त्यांच्या ‘हाना-बी’ चित्रपटाला १९९७ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.