घड्याळ किती चुकलंय, ते आधी बघा

बँकेची साइट उघडायला जावं तर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना. दुसरी साइट उघडली, तरी तेच. मग राउटर बंद-चालू होतो, अँटिव्हायरसवर संशय जातो. त्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती कॉम्प्युटरच्याच घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१५ सालात अडकलं असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबी अजून लागूच झालेलं नसतं.

तारीख लगेच दुरुस्त करू नका. आधी फरक किती आहे, ते लिहून घ्या. दोष कुठे आहे, ते त्या फरकावरूनच कळतं.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर घड्याळ बिघडलेलं नाही. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढे आहे, म्हणजे टाइम झोन चुकीचा निवडलेला असणार. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असलं तरी असं होतं: मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स बहुधा जागतिक.

काही सेकंद किंवा मिनिटं इकडेतिकडे झाली असतील, तर तो क्वार्ट्झचा स्वभाव. मदरबोर्डवरचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि तोच घड्याळाचा सेकंद. त्यात दहा लाखांत वीस भागांची चूक असली, तरी दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त फरक पडतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या एनटीपी पद्धतीने कॉम्प्युटर ही चूक इंटरनेटवरून निस्तरत राहतो. सेटिंगमध्ये वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू आहे ना, एवढं बघायचं.

फरक काही वर्षांचा असेल, तर बहुतेक वेळा सेल संपलेला असतो. मदरबोर्डवर नाण्यासारखा चपटा, ‘सीआर २०३२’ लिहिलेला तीन व्होल्टचा लिथियम सेल असतो. डेस्कटॉपला वीज मिळत असते, तोवर बंद मशीनचं घड्याळही तिच्यावरच चालतं. पण आपल्याकडे काम झालं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय आहे. ती चांगलीच आहे, फक्त त्यानंतर सगळा भार सेलवर येतो. खात्री करणं सोपं आहे: एका रात्री बटण चालू ठेवा, दुसऱ्या रात्री बंद. दुसऱ्या सकाळीच घड्याळ मागे गेलं, तर सेल बदला.

डेस्कटॉपमध्ये हे घरी जमतं. वायर काढा, केसच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या, सेलच्या कडेची क्लिप हलकेच बाजूला सारा. सेल वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख हातानेच लावा. इंटरनेट लावेल म्हणून थांबू नका, कारण पंधरा तासांपेक्षा मोठा फरक घरगुती विंडोज सहसा आपणहून दुरुस्त करत नाही.

काढलेला सेल टेबलावर मुळीच ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर जखम होऊ शकते, मग तो कॉम्प्युटरसाठी निकामी झालेला का असेना. चिकटपट्टीत गुंडाळून तो ई-कचऱ्यात द्या.