आशाताईंना ट्रेनिंग दिलं, सर्टिफिकेट दिलं, पुढे काय?

गावोगावच्या आशा कार्यकर्तींना मानसिक आरोग्याचं काम कसं शिकवायचं, त्याबद्दल हे. आधी थोडा हिशोब. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून ७९ लाखांच्या वर माणसं होती, आता अजून वाढली असणार. भारतात सरासरी लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि निदान ३ तरी हवेत असं मानलं जातं. हे गणित खान्देशाला लावलं तर जवळपास २३८ तज्ज्ञ पाहिजेत, आणि देशाची सरासरी धरली तर ६० सुद्धा पुरते होत नाहीत. त्यात सरासरी म्हटली की ती फसवी असतेच, कारण तज्ज्ञ मुंबई पुण्यात दाटीवाटीने बसलेले आणि इकडे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरून माणसाला डॉक्टर गाठायचा तर घाट उतरून नंदुरबार किंवा शहादा, म्हणजे एक रोज बुडाला, भाडं गेलं, आणि सोबत जो येईल त्याचाही रोज बुडाला.

मग डॉक्टर वाढवा ना, असं कोणीही म्हणेल. वाढवायलाच हवेत. पण एमबीबीएस साडेपाच वर्षं, वर एमडी तीन वर्षं, म्हणजे आज बारावी झालेला पोरगा मानसोपचारतज्ज्ञ व्हायला साडेआठ वर्षं तरी लागणार, तेही लगेच सीट मिळाली तर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मानसोपचाराची नर्स ही मंडळी तर अजूनच मोजकी. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज जुनं आहे, जळगाव आणि नंदुरबारला गेल्या काही वर्षांत झालंय, हे चांगलंच झालं. पण राज्यातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी आहेत, खान्देशात एकही नाही. म्हणजे पेशंटला लांब, आणि शिकणाऱ्यालाही लांब.

आता दुसऱ्या बाजूने बघा. २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात दिसलं की साधारण १० टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. या गर्दीतले बरेच जण नैराश्य, चिंता आणि दारूवाले. यातल्या प्रत्येकाला एमडी डॉक्टरच लागतो का? इथे सायन्सने दिलेलं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आलंय.

गोव्यात संगाथ नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी एक साधी वाटणारी पण तपासायला अवघड गोष्ट करून बघितली. सायकॉलॉजीची डिग्री नसलेल्या स्थानिक माणसांना एक ठराविक उपचार शिकवायचा आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या गंभीर नैराश्याच्या पेशंटला तो द्यायचा. ४९५ पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटात वाटलेले, एका गटाला नेहमीचीच पण थोडी सुधारलेली सेवा आणि दुसऱ्याला तीच सेवा अधिक या समुपदेशकाच्या ६ ते ८ बैठका. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

त्या बैठकांमध्ये काय करायचे? फार गूढ काही नाही. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, आधी बाजाराला जाणं सुटतं, मग शेजारी बसणं, मग गुरांना पाणी दाखवायचं कामही पोरावर पडतं, आणि जितकं सुटतं तितकं दिवसभरात बरं वाटायचं कारण कमी होतं, मन अजून खाली जातं, म्हणून अजून सुटतं. या चक्राला उलटं फिरवायचं. 'मन लागेल तेव्हा जाईन' ही वाट न बघता आधी छोटी कृती, ठरवून, ठराविक वेळेला, आणि मग कसं वाटलं ते पुढच्या बैठकीत बोलायचं. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. हे शिकवता येतं, आणि नीट केलं की नाही हे तपासता येतं, हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

कारण माझं म्हणणं खरं तर याच्याभोवती आहे. आपल्याकडे कार्यक्रम आला की दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, हॉलमध्ये स्लाईड, मध्ये चहा पोहे, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट, आणि रिपोर्टमध्ये आकडा जातो की इतक्या आशा प्रशिक्षित. गोव्याच्या समुपदेशकांचं तसं नव्हतं. त्यांची आधी सुमारे तीन आठवड्यांची कार्यशाळा झाली आणि मग सहा महिने खऱ्या पेशंटबरोबर इंटर्नशिप. या काळात बैठकांचं रेकॉर्डिंग व्हायचं, अर्थात पेशंटला विचारूनच, आणि ते रेकॉर्डिंग सगळे समुपदेशक मिळून ऐकायचे आणि एका ठरलेल्या फॉर्मवर एकमेकांना मार्क द्यायचे. घाईघाईत सल्ला दिला का, पेशंट बोलत असताना मध्येच तोडलं का, मागच्या वेळचं ठरलेलं काम विचारलं का, असं. सुरुवातीला तज्ज्ञ बरोबर बसायचे, हळूहळू ही मंडळी स्वतःच चालवू लागली, आणि त्यांनी दिलेले मार्क तज्ज्ञांच्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळतात हेही तपासून झालंय.

केळीवाल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. एकदाच पाट फोडून शेत तुडुंब भरायचं आणि महिनाभर तिकडे बघायचं नाही, की ठिबकने रोज थोडं थोडं मुळाशी द्यायचं. आपलं बहुतेक ट्रेनिंग अजून पाटाचंच आहे.

आणि या कामात नुसतं ज्ञान असून भागत नाही हो. नैराश्याची लक्षणं कोणालाही पाठ होतात, पेपरात पैकीच्या पैकी मार्क पडतात, आणि तीच व्यक्ती समोर बाई रडायला लागली की म्हणते, "अगं रडू नको, पोरांकडे बघ, सगळं ठीक होईल." बोलणं तिथंच बंद. म्हणून आता जगभर लेखी परीक्षेपेक्षा रोल-प्ले बघून माणसाला जोखतात, म्हणजे एकजण ठरवून पेशंटचं काम करतो आणि निरीक्षक बघतो की शिकणाऱ्याने डोळ्यात बघून ऐकलं का, गुप्ततेबद्दल सांगितलं का, जीव द्यायचा विचार आहे का हे विचारलं का. नेपाळमध्ये यासाठी एक मोजपट्टी तयार झाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने युनिसेफबरोबर असली साधनं सगळ्यांसाठी खुली केली.

तो शेवटचा प्रश्न विचारायलाच सगळ्यात जास्त भीती वाटते. आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आपणच घातलं तर? बऱ्याच डॉक्टरांनाही असंच वाटतं. पण यावर संशोधन झालंय, सरळ विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढतात असं दिसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं. कापूस गेला, सावकार दारात, आणि घरातला माणूस गप्प बसायला लागला तर त्याला आडून आडून न विचारता "जीव नकोसा वाटतो का, काही करून घ्यायचं मनात येतं का" असं विचारता आलं पाहिजे, आणि 'हो' आलं तर पुढे काय करायचं तेही हाताशी पाहिजे: त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, आणि डॉक्टरपर्यंत न्यायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. हे सगळं स्लाईडवर एका ओळीत येतं, तोंडातून निघायला मात्र पाच दहा वेळा कोणासमोर तरी बोलून बघावं लागतं.

अजून एक, जे पुण्या-मुंबईत बनवलेल्या पुस्तिकेत सापडत नाही. आपल्याकडे बाई दवाखान्यात येऊन 'मला उदास वाटतं' असं म्हणत नाही. ती म्हणते डोकं दुखस, झोप लागत नही, जीव लागत नही. नंदुरबारच्या पाड्यांवर तर भिली, पावरी, मावची या बोली, आणि तिथल्या नर्सला अनेकदा त्यातलं काहीच येत नाही. समुदाय आधारित तपासणीच्या फॉर्ममध्ये आशाने विचारायचे नैराश्याचे दोन प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का आणि उदास निराश वाटतं का. प्रश्न चांगले आहेत, पण प्रमाण मराठीतून धाडकन विचारले तर उत्तर 'नाही' येणारच. इथे त्या पाड्यावरची आशा हीच तज्ज्ञ, तिच्याकडून शब्द घेऊन ट्रेनिंग बनवावं लागेल. भगताकडे आधी जाणारे लोक आहेत, त्यांना हसून काही साधत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या एका दर्ग्यात मुजावरांनाच शिकवून दवा आणि दुआ दोन्ही चालू ठेवायचा प्रयोग झालाय, त्यातून आपल्याकडे घेण्यासारखं आहे.

दारूचंही तसंच. गोव्यातच त्याच पद्धतीच्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांबरोबर काम केलं, तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात आलं, नेहमीच्या सेवेत २६ टक्के. फरक छोटा वाटतो, पण गावात दहातला एक जास्तीचा माणूस सावरला तर त्या घराला विचारा. मात्र हेही शिकवलंच पाहिजे की कुठे थांबायचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली आणि हात थरथरायला लागले, फिट आली, भलतंच दिसायला लागलं तर तो समुपदेशनाचा विषय नाही, ताबडतोब दवाखाना. कोणाला आवाज ऐकू येतात, संशय टोकाला गेलाय, चार चार रात्री झोप नाही आणि तोंड बंद होत नाही, तिथेही डॉक्टर आणि औषध. आशाने डॉक्टर व्हायचं नाहीये, आणि डॉक्टरची गरज यामुळे संपतही नाही.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत असं गावपातळीवरचं काम दीड वर्ष चाललं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे कापूस आहे, कोरडवाहू आहे, कर्ज आहे, म्हणजे पारोळा-अमळनेरपेक्षा फार वेगळं नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीचा राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत सुरू झाला, खान्देश त्यात नव्हता. का नव्हता याची सरकारी कारणं असतीलच, असो.

आता पैशाचं बोलू, कारण ते कोणी बोलत नाही. आशाताईला महिन्याचा पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर मानधन. लसीकरण, बाळंतपण, टीबी, शुगर-बीपीची तपासणी, वेगवेगळे सर्व्हे, सगळं तिच्याच डोक्यावर, आणि त्यात अजून एक रजिस्टर मानसिक आरोग्याचं. एका नैराश्याच्या बाईबरोबर अर्धा पाऊण तास बसायचं, तेही सहा वेळा, हे फुकटात होणार नाही, आणि ऐकून ऐकून तिचंच मन जड होईल त्याचं काय? ज्यांनी हे प्रयोग केले त्यांनी समुपदेशक हे वेगळे, पगारी ठेवले होते हे आपण सोयीने विसरतो.

करायचं असेल तर जागा मात्र आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची महिन्याची मीटिंग होतेच. त्यात आकडे गोळा करण्याआधी एक तास काढायचा, दोघीतिघींनी नाव न सांगता आपली एकेक केस मांडायची, बाकीच्यांनी विचारायचं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर प्रत्यक्ष नाही तर व्हिडिओ कॉलवर तरी बसवायचा, उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही तिथेच घ्यायचं, आणि त्या तासाचा वेगळा मोबदला प्रत्येकीच्या खात्यात पडला पाहिजे. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजात इंटर्नला आता मानसोपचाराची दोन आठवड्यांची पोस्टिंग असते, त्यातला एखादा दिवस त्याला या मीटिंगला पाठवला तर त्यालाही कळेल की ओपीडीत 'नुसतं डोकं दुखतं' म्हणून तो गोळी लिहून परत पाठवतो त्या बाईचं पुढे घरी काय होतं.