गजराचं चावीचं घड्याळ: मागचं झाकण घरी उघडू नका

दर महिन्याला गजराचं एखादं तरी मनगटी घड्याळ आमच्या टेबलावर असं येतं: वेळ ठीक, गजर मुका आणि मागच्या झाकणाच्या कडेला चाकूचा ओरखडा. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘मशीन बघायचं होतं हो, एक फोटो काढला आणि झाकण परत दाबून बसवलं.’ निपाणी, चंदगड, खानापूरहून बस बदलत आलेल्या माणसाला ‘ठेवून जा, पंधरा दिवसांनी या’ म्हणताना आम्हालाही बरं वाटत नाही. म्हणून हे छापून ठेवलं आहे. कन्नडमधला कागदही काउंटरवर मिळेल.

मशीन बघावंसं वाटणारच. साध्या चावीच्या घड्याळात एक स्प्रिंग असते. गजराच्या बहुतेक घड्याळांत दोन असतात, एक वेळेची आणि एक गजराची. डायलखाली गजराच्या चाकाला खाच असते. ठरलेली वेळ आली की तासाच्या काट्याचं चाक त्या खाचेत सरकतं, अडवून धरलेली पट्टी सुटते आणि गजराची स्प्रिंग एका छोट्या हातोडीला थरथरा हलवायला लागते. बोटाच्या नखाएवढ्या जागेत हे सगळं चालतं. स्वित्झर्लंडच्या व्हल्केन कंपनीने पाच वर्षं खपून १९४७ साली असं घड्याळ आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘क्रिकेट’, म्हणजे रातकिडा. एवढासा रातकिडा रात्रभर शिवार दणाणून सोडतो, मग मनगटावरचं घड्याळ झोपलेल्या माणसाला का उठवणार नाही, असा तो विचार होता.

आता मुद्द्याचं. ती हातोडी आपटते कशावर? झाकणावर. बहुतेक घड्याळांत झाकणाला आतून एक छोटी खुंटी बसवलेली असते, हातोडी तिच्यावर बसते आणि अख्खं झाकण घंटेसारखं वाजतं. गजराच्या घड्याळाचं झाकण म्हणजे नुसता पत्रा नव्हे, तो मशीनचाच भाग आहे. खुंटी मधोमध नसते, कडेकडे असते. त्यामुळे झाकण एकाच दिशेने बसतं. थोडं फिरवून दाबलं की हातोडी हवेत हलत राहते. जास्त फिरलं असेल तर खुंटी थेट मशीनवर दाबली जाते. वाकलेली हातोडी सरळ करता येते, पण बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे हलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, दांडा मोडला तर जुन्या घड्याळाचा तसाच दांडा शोधण्यात दिवस जातात. आमचे पंधरा दिवस लागतात ते तिथे.

काही जण म्हणतात, ‘नुसतं झाकण नीट बसवायचं तर पैसे कसले?’ झाकण बसवायला दोन मिनिटं लागतात, हे खरं. पण ते चुकीचं बसलेलं असताना आत काय वाकलं, काय घासलं, हे भिंग लावून बघितल्याशिवाय आम्ही घड्याळ परत देत नाही. पैसे त्या बघण्याचे आहेत.

मशीन बघायचं असेल तर खुशाल दुकानात या. गर्दी नसेल तेव्हा, शक्यतो दुपारी. आम्ही झाकण काढतो, भिंग तुमच्या हातात देतो, फोटो काढू देतो आणि झाकण परत बसवून गजर वाजवून दाखवतो. आमच्याकडे सर्व्हिसिंग केलेल्या घड्याळासाठी याचे पैसे नाहीत. कॅम्पातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब तर नातवाला घेऊन खास याच कामासाठी आले होते.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. रशियन पोल्योट घड्याळाला कडेला दोन चाव्या असतात: खालची वेळेची, वरची गजराची. वरची चावी बाहेर ओढून ठेवली तरच गजर वाजतो, आत दाबली की बंद. ‘गजर बिघडलाय’ म्हणून आलेल्या कितीतरी घड्याळांची एवढीच तक्रार असते. जपानी सेको बेलमॅटिक हात हलवला की आपोआप चालतं, पण गजराला चावी द्यावीच लागते. गजर ठरल्या वेळेच्या चार-पाच मिनिटं मागेपुढे वाजला तर तो दोष समजू नका. तो तासाच्या काट्याच्या चाकावर चालतो, मिनिटाच्या नव्हे. आणि गजराची वेळ ओलांडून काटे उलटे फिरवू नका, पुढेच न्या.

पावसाळ्यात जपा. क्रिकेटला आत-बाहेर दोन झाकणं असतात; बाहेरच्याला आवाजासाठी भोकं असतात, त्यातून घाम आणि ओल शिरते. आपल्याकडचा जून-जुलै तुम्हाला सांगायला नको. रात्री घड्याळ कोरड्या डब्यात ठेवा, आणि शिलाई मशीनचं तेल कृपा करून घालू नका.

नवीन, म्हणजे जुनंच, घड्याळ विकत घेताना डायलच्या चकाकीवर जाऊ नका. पुन्हा रंगवलेली डायल बाजारात भरपूर आहे. त्यापेक्षा गजर वाजवून ऐका. आवाज फुटका किंवा बसका आला तर झाकण बदललेलं असू शकतं, आणि मूळ खुंटीचं झाकण सहज मिळत नाही. घेण्याआधी आमच्याकडे दाखवलंत तर घ्यावं की सोडावं ते स्पष्ट सांगू. आमच्याकडेही थोडी घड्याळं विकायला असतात. सगळी मूळ झाकणाची, आणि डायल रंगवलेली असेल तर चिठ्ठीवर तसं लिहिलेलं.

दुरुस्तीला आणताना गजर वाजत नसेल तर वरच्या चावीला जोर लावू नका, आहे तसंच आणा. झाकण घरी उघडलं असेल तर तेही सांगा. रागवत नाही, फक्त आधी कुठं बघायचं ते आम्हाला कळतं.