ज्यू धर्म : उगम आणि मूळ श्रद्धा

पश्चिम आशियात, जेरुसलेमच्या परिसरात आकाराला आलेला एकेश्वरवादी धर्म. परंपरेनुसार देवाने मूळपुरुष अब्राहामशी केलेला करार हा त्याचा आरंभ आणि सिनाय पर्वतावर संदेष्टा मोशेला मिळालेली तोरा (धर्मशास्त्र) हा पाया. पुरातत्त्वातून या कथांना थेट दुजोरा मिळत नाही. ‘इस्राएल’चा, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांचा, बायबलबाहेरचा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख इजिप्तचा फॅरो मर्नेप्टाह याच्या शिलालेखात (इ.स.पू. सुमारे १२०८) सापडतो. सुरुवातीचे इस्राएली लोक इतर देवांनाही भजत. त्याबद्दलचा संताप बायबलमधल्या संदेष्ट्यांनीच व्यक्त केला आहे. इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनियनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. त्यानंतर ज्यूंना बॅबिलोनला हद्दपार केले गेले. त्या निर्वासकाळात एकेश्वरवाद पक्का झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स. ७० मध्ये रोमनांनी पुन्हा उभारलेले दुसरे मंदिरही उद्ध्वस्त केले, तेव्हा पशुबळी थांबले आणि पुरोहितांचे महत्त्व ओसरून रब्बी (धर्मशास्त्राचे शिक्षक) पुढे आले.

ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने १२व्या शतकात श्रद्धेची १३ तत्त्वे मांडली खरी, पण हा धर्म पहिल्यापासून आचरणाचाच. ६१३ आज्ञा मोजल्या जातात : २४८ विधी, ३६५ निषेध. त्यांतल्या मंदिराशी निगडित आज्ञा आज पाळता येत नाहीत.

‘हे इस्राएल, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे’ हा शेमा सकाळ-संध्याकाळ म्हणतात. त्यातले दोन उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून, गुंडाळी करून दाराच्या उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी लावतात, हा मेझुझा. त्यात २२ ओळी, ७१३ अक्षरे असतात. एक अक्षर गळले किंवा शेजारच्या अक्षराला चिकटले, तरी तो बाद. अक्षरे क्रमानेच लिहायची असल्याने गळलेले मागाहून घालता येत नाही. दमट हवेने शाई तडकते, म्हणून सात वर्षांत दोनदा तपासणी करतात.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. या काळात ३९ प्रकारची कामे वर्ज्य आहेत. पेरणी, विणकाम, लेखन, अग्नी पेटवणे ही त्यांपैकी काही. जीव वाचवायचा असेल, तर मात्र शब्बाथ मोडणे हेच कर्तव्य ठरते.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे शतकानुशतके ना रब्बी होते, ना हिब्रू ग्रंथ. तरी शेमा, सुंता आणि शब्बाथ त्यांनी सोडले नाहीत. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले.