शाफ्ट निसटला तरी जमिनीला टेकू नये म्हणून

फोर बाय फोर गाडीखाली वाकून पाहिलं की ट्रान्स्फर केसपासून (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) मागच्या डिफरन्शियलपर्यंत (ती ताकद डाव्या-उजव्या चाकांना देणारी गिअरची पेटी) गेलेली एक लांब पोकळ नळी दिसते. हाच प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे, असतात, कारण मागचा अ‍ॅक्सल खड्ड्याखडकांवर सतत वरखाली होतो आणि शाफ्टला दर क्षणी नव्या कोनात फिरावं लागतं. यातला एखादा जॉइंट तुटला, तर पुढे काय होणार हे तुटलेला जॉइंट कोणत्या टोकाचा आहे यावर ठरतं.

मागचा तुटला तर शाफ्ट पुढून लटकतो आणि त्याचं मोकळं टोक मागे फरफटत येतं. आवाज भयंकर होतो, गाडीच्या तळाला मार बसतो, पण टोक जमिनीत घुसत नाही. पुढचा तुटला तर गोष्ट वेगळी. मागे जोडलेला शाफ्ट पुढून खाली झुकतो आणि त्याचं टोक गाडीच्या जाण्याच्या दिशेने रोखलं जातं. ते दगडाला किंवा खड्ड्याच्या कडेला अडलं, की बांबूउडी घेणारा खेळाडू बांबूवर उचलला जातो तशी गाडीची मागची बाजू शाफ्टवर उचलली जाते. जमिनीपासून 40 सेंटीमीटर उंचीवरचं टोक खाली यायला पाव सेकंदही लागत नाही. गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असेल तर तेवढ्यात ती जेमतेम 4 मीटर पुढे सरकलेली असते. चालकाचा पाय अजून ब्रेककडे निघालेलाही नसतो.

हे थांबवण्यासाठी शाफ्टभोवती पोलादाचं एक कडं बसवतात, त्याला सेफ्टी लूप म्हणतात. पाहिल्यावर वाटतं, एवढीशी पट्टी काय टिकणार? हिशेब केला की ती पुरते का हे कळतं. 8 किलो वजनाची, 7 सेंटीमीटर व्यासाची नळी मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात फिरण्याची ऊर्जा साधारण 500 ज्यूल असते. ताशी 60 किलोमीटरने धावणाऱ्या 2 टनांच्या गाडीत मात्र सुमारे 2,78,000 ज्यूल असतात. टोक जमिनीला टेकलं की ही मोठी ऊर्जा शाफ्टच्या वाटेने गाडीच्या तळावर उलटते. टेकू दिलं नाही तर कड्याला शाफ्टचं वजन, त्याचं फिरणं आणि मागची चाकं डिफरन्शियलमधून त्याला देत राहतात ते हेलकावे, एवढंच गाडी थांबेपर्यंत पेलायचं असतं.

आता जॉइंट मुळात तुटतो का? लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या जास्तीच्या सावकाश गिअरमध्ये, टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती वाढतो पाहा. इंजिनाचा 300 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर 4, लो रेंजचं 2.5, म्हणजे 3000 न्यूटन-मीटर. पुढची चाकं घसरत असतील आणि ट्रान्स्फर केस लॉक असेल (पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडलेले असतील), तर यातला बहुतेक भार एकट्या मागच्या शाफ्टवर येतो. त्यात हवेत भिरभिरणारं चाक अचानक खडकाला टेकलं की झटका बसतो. सस्पेन्शन उंच केलेल्या गाड्यांची अडचण आणखी निराळी. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना ताकद एकसारख्या वेगाने पुढे देत नाही; 30 अंशांच्या कोनात त्याच्या पलीकडचा वेग एका फेरीत दोनदा सुमारे 13 टक्क्यांनी कमी आणि 15 टक्क्यांनी जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि जॉइंट एका रेषेत बसवलेले असतील तर दुसरा जॉइंट ही चूक भरून काढतो, पण मधल्या नळीला आणि क्रॉसच्या (जॉइंटमधल्या अधिक चिन्हासारख्या तुकड्याच्या) सुईसारख्या बेअरिंगना ती सोसावीच लागते. गंमत अशी, की इजा अनेकदा खडकांत सावकाश चालताना होते आणि तुकडा पडतो तो नंतर, सरळ रस्त्यावर वेगात असताना. म्हणून ‘आम्ही तर हळूच चालवतो’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

कडं कुठे बसवायचं? पुढच्या जॉइंटच्या जवळ. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए हे अंतर 6 इंचांच्या आत मागते, आणि पट्टी किमान पाव इंच जाड व 2 इंच रुंद. टोक जितकं लवकर अडेल तितकं बरं, हे एक कारण. दुसरं कारण भूमितीचं आहे आणि ऑफ-रोड गाडीत तेच जास्त महत्त्वाचं. शाफ्ट 120 सेंटीमीटर लांब आणि अ‍ॅक्सलची वरखाली हालचाल 25 सेंटीमीटर धरा. शाफ्टच्या मध्यावर ही हालचाल साडेबारा सेंटीमीटर भरते, पण पुढच्या जॉइंटपासून 15 सेंटीमीटरवर जेमतेम 3. मध्यावर बसवलेलं कडं एवढं मोठं करावं लागेल, की ते खडकांना अडकेल आणि शाफ्ट त्यात पुरता पडूनही जाईल.

तरीही मोजमाप कागदावर न घेता गाडीवरच घ्यावं. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू द्यावा, मग पूर्ण वर दाबावा, एक चाक उंच चढवूनही पाहावं, आणि सगळ्या स्थितींत चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोकळी राहील असा घेर धरावा. इंजिन आपल्या माउंटवर थोडं डोलतं, हेही विसरू नये.

धातू साधं माइल्ड स्टीलच हवं. ते वाकतं, ताणतं आणि वाकताना ऊर्जा शोषतं. ओतीव लोखंड तडकतं. कडं दोन भागांत करून बोल्टने जोडावं, नाहीतर क्रॉस बदलताना शाफ्ट बाहेर काढता येणार नाही. वरचा भागही हवा, कारण सुटलेलं टोक वरही उसळतं आणि वर फक्त पातळ पत्रा असतो. त्याच कारणाने कडं पत्र्याला न टांगता चासीला (गाडीच्या सांगाड्याला) किंवा क्रॉस मेंबरला (त्याच्या आडव्या तुळईला) धरावं. 8.8 ग्रेडचा 10 मिलिमीटरचा एक बोल्ट ताणात सुमारे 46 किलोन्यूटन सहन करतो, म्हणजे साडेचार टनांहून अधिक भार. बोल्ट सहसा दगा देत नाहीत, त्यांची भोकं देतात. चासीच्या तुळईत वाकण्याचा ताण वरच्या आणि खालच्या कडांवर सर्वांत जास्त असतो, म्हणून भोक उभ्या बाजूच्या मधोमध पाडावं. चासी पेटीसारखी बंद असेल तर आत नळीचा तुकडा घालून बोल्ट आवळावा, म्हणजे भिंती आत दबत नाहीत.

कड्याच्या आतल्या कडा गोल घासाव्यात. त्याचा तळ क्रॉस मेंबरच्या खाली येऊ देऊ नये. आत चिखल साचून वाळला की तो शाफ्टला घासतो, म्हणून तळाशी भोक ठेवावं.

एक मर्यादा मात्र कड्याच्या हातात नाही. शाफ्ट तुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी मागच्या चाकांना रोखत नाही. जुन्या लँड रोव्हरमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावरच असतो, त्यामुळे मागचा शाफ्ट गेला की तो ब्रेक मागच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. उतारावर अशा वेळी पायाचा ब्रेक दाबून धरावा आणि कुणीतरी चाकांना दगड लावेपर्यंत सोडू नये.