जुन्या गाडीची कॉइल: आळ कुणावर, दोष कुणाचा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा मॉरिस मायनर तापली की बंद पडते आणि थोडा वेळ थांबलं की मुकाट्याने चालू होते. गॅरेजमधलं निदान ठरलेलं: ‘कॉइल गेली’, म्हणजे बॅटरीच्या कमी व्होल्टेजमधून प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारं तारेचं वेटोळं बिघडलं. बऱ्याचदा ती गेलेली नसते. कॉइल तपासायची तर ती कोणत्या घराण्यातली हे आधी ठाऊक हवं, नाहीतर मीटरवरच्या आकड्यातून काही हाती लागत नाही.

कॉइल मोटारीपेक्षा जुनी. आयर्लंडमधल्या मेनूथ इथे पाद्री आणि प्राध्यापक असलेल्या निकोलस कॅलनने 1836 मध्ये इंडक्शन कॉइल बनवली. पुढे पॅरिसमध्ये रूमकॉर्फने ती सुधारली आणि 1860 च्या लेन्वारच्या गॅस इंजिनात ठिणगीचं काम तिच्याकडेच आलं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (1908) दर सिलिंडरला एक, अशा चार कॉइल होत्या. प्रत्येक आपल्या लाकडी पेटीत, वर थरथरणारी पत्ती. तिथे बिघाड कानानेच कळायचा: जी पेटी गुणगुणत नाही तिथे गडबड. खात्री करायची तर दोन पेट्यांची अदलाबदल करायची. मिसिंग (सिलिंडर मधेच न पेटणं) पेटीबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर दोष कॉइलचा, जागेवर राहिलं तर वायर किंवा प्लगचा.

‘दुसरी कॉइल लावून बघू’ ही सवय तेव्हाही होती, पण तेव्हा ती शास्त्रशुद्ध होती. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंगने 1910 च्या कॅडिलॅकसाठी एकच कॉइल, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर अशी मांडणी दिली आणि पुढची साठेक वर्षं जगभर तीच चालली. आता तुलनेला शेजारची कॉइल उरली नाही. शिवाय नवी कॉइल बसवताना सैल टर्मिनल आपोआप घट्ट होतं, गाडी चालू होते आणि बिचारी जुनी कॉइल भंगारात जाते.

केटरिंगच्या मांडणीत पॉइंट बंद असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरीतून (जाड तारेच्या वेटोळ्यातून) वाहतो. पॉइंट उघडताच चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत (बारीक तारेच्या, कितीतरी जास्त वेढ्यांच्या वेटोळ्यात) हजारो व्होल्ट उठतात. क्षेत्र झटक्यात कोसळावं, करंट पॉइंटवरच जळून जाऊ नये, हे बघतो कंडेन्सर. तो बिघडला की ठिणगी अशक्त होते, पॉइंट काळे पडतात आणि लक्षणं हुबेहूब कॉइलची. म्हणून पॉइंट आणि कंडेन्सर न बघता कॉइलला हात लावणारा मेकॅनिक मला पटत नाही.

कॉइल खरोखर मरते ती बहुधा उष्णतेने. 12 व्होल्टच्या साध्या कॉइलची प्रायमरी साधारण 3 ओहमची असते. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट नेमके मिटलेले असतील तर 4 अँपिअर सतत वाहतात, म्हणजे जवळपास 48 वॉटचा हीटर! आतलं इन्सुलेशन हळूहळू खचतं. असा दोष थंड कॉइलवर मीटर लावून सहसा सापडत नाही. गाडी बंद पडते त्याच क्षणी, कॉइल गरम असतानाच मोजावं लागतं.

दुसरी गफलत बॅलास्टची. 1950 च्या दशकात अमेरिकी गाड्या 6 व्होल्टवरून 12 वर आल्या, तेव्हा अनेकांत सुमारे दीड ओहमची कॉइल आणि तिच्यापुढे बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा रोध) आला. स्टार्टर फिरताना रेझिस्टर बाजूला ठेवून कॉइलला पूर्ण व्होल्टेज द्यायचं, ही त्यातली सोय. अशी कॉइल साध्या गाडीत थेट जोडली तर ती तापते आणि पॉइंटही जाळते. मीटरवर दीड ओहम दिसले म्हणून ‘शॉर्ट आहे’ म्हणणं तितकंच चूक.

ब्रिटिश गाड्यांत आणखी एक पेच आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतल्या बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या होत्या. पुढे कुणीतरी अर्थ बदलतो, कॉइलच्या दोन वायरी मात्र तशाच ठेवतो. गाडी चालते, पण ठिणगी उलटी पडते. प्लगचा गरम मधला इलेक्ट्रोड निगेटिव्ह असला तर कमी व्होल्टेजमध्ये काम भागतं. उलट जोडणीत जास्त लागतं आणि चढावर गाडी अडखळते. यावरची जुन्या फिटरांची युक्ती म्हणजे प्लग आणि त्याच्या वायरीच्या मधल्या फटीत शिसपेन्सिलीचं टोक धरणं. ठिणगीचा झोत प्लगच्या बाजूला भडकला तर जोडणी बरोबर, वायरीच्या बाजूला भडकला तर कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करायची. त्याला खर्च शून्य.